पाव वळसा

४ फेब्रुवारी
ही वही डेपोची. पंपरूमचं कोरं रजिस्टर. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला भिंतीवरचं घड्याळ दिलं, मी जाताना हे उचललं. फिट्टंफाट. रकाने छापलेले आहेत: तारीख, काम, कोणी केले, कोणी तपासले. एकतीस वर्षं बसचे डिझेल पंप मी ह्याच रकान्यांत बसवले. मग बसगाड्या विजेवर गेल्या, पंपरूमच्या जागी चार्जिंगचे खांब उभे राहिले आणि मास्तर घरी आले. आठ महिने झाले. आठ महिन्यांत एकानेही फोन करून विचारलं नाही की मास्तर, अमुक पंपाचं काय करू. विचारतील कशाला, पंपच उरले नाहीत.

आज फोन आला तो पोरीचा. शहराबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर गाड्यांच्या शर्यती होतात, तिथल्या वर्कशॉपच्या फोरमनला ट्यूनर हवाय. म्हणजे इंजिनाला कुठल्या वेगाला किती इंधन द्यायचं ते कॉम्प्युटरवर ठरवणारा माणूस. हिच्याकडे डिग्री नाही. (डिग्रीचे पैसे थोरल्याच्या कॉलेजात गेले आणि थोरला परदेशात गेला. तो विषय नको.) फोरमन म्हणाला, डिग्री राहू दे, भंगारातून एक टर्बो गाडी बांध आणि एकोणीस एप्रिलला माझ्यासमोर वीस मिनिटं सलग पळवून दाखव. मोडली नाही तर खुर्ची तुझी. तेहतीस वर्षांची बाई टायरच्या दुकानात चाकं सरळ करत बसलीय, तिला ही खुर्ची किती हवी आहे ते फोनवरच्या आवाजातून कळत होतं.

शेवटी म्हणाली, "बाबा, इंधनाचं काम तुम्ही बघाल?"

बघतो म्हणालो. लगेच म्हणालो नाही. थोडं थांबून म्हणालो.

९ फेब्रुवारी
शेड टायरवाल्याच्या गोदामामागे आहे. पत्रे, एक खिडकी, लोखंड पकडून धरायचा एक व्हाइस आणि मध्ये ती गाडी. घरगुती चार सिलिंडरची, चौदा वर्षांची, मागच्या सीटवर कुणाच्या तरी मुलांनी चिकटवलेले स्टिकर. टर्बो एका मोडक्या डिझेल व्हॅनचा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबणार, म्हणजे इंधनही त्या हिशेबात जास्त लागणार, एवढं मला कळतं.

इंधनाचं काम म्हणजे मला वाटलं सगळं इंधन. तर नाही. टाकीपासून इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत मी, आणि इंजेक्टरने किती वेळ तोंड उघडायचं ते लॅपटॉपवर ती. म्हणजे मी नळवाला. एकतीस वर्षं पंप कॅलिब्रेट केलेल्या माणसाने आता नळ जोडायचे. वर आमचे जावई तिथे आधीच ठाण मांडून. गाड्यांना रंग मारायचा धंदा आहे त्यांचा, म्हणून मी त्यांना रंगारी म्हणतो, मनात. पेट्रोलचा पंप त्यांनी शोधून आणलाय, भंगारातून. मी विचारलं, तपासला का? म्हणाले, चालतो बाबा. चालतो! बैलगाडीसुद्धा चालते.

मूग गिळून नळ मोजले.

१७ फेब्रुवारी
नळ झाले. कुणाला आवडो न आवडो, असे नळ त्या धावपट्टीवर दुसऱ्या गाडीला नसतील. टाकीतून बारका पंप आधी एक छोटी डबी भरतो, डबीतून मोठा पंप ओढतो, म्हणजे वळणावर टाकीतलं पेट्रोल एका बाजूला गेलं तरी मोठ्या पंपाच्या तोंडी हवा येत नाही. डबी मी जुन्या अग्निशामकाच्या नळकांड्यातून केली. परतीचा नळ वेगळा. कुठेही घासत नाही, कुठेही एक्झॉस्टजवळ जात नाही.

इंजेक्टर एका मोठ्या गाडीच्या भंगारातले, सहा होते, त्यातले चार निवडायचे. काचेच्या सहा बरण्या मांडून एकेकातून एक मिनिट पेट्रोल पाडलं आणि रेषा बघितल्या. पोरगी माझ्याशेजारी उकिडवी बसून बघत होती. लहानपणी सुट्टीत पंपरूममध्ये अशीच बसायची, डिझेलच्या वासाने डोकं दुखलं तरी उठायची नाही. दोन इंजेक्टर बाद केले. ती म्हणाली, "असे चार सारखे इंजेक्टर मला दुकानात नवे घेऊनही मिळाले नसते." मी बरण्या विसळत राहिलो. पण आज जेवण गोड लागलं.

२० फेब्रुवारी
आज रेग्युलेटर बसवला. पेट्रोलच्या वाटेवरचा पहारेकरीच तो. जास्तीचं पेट्रोल टाकीत परत पाठवतो. डोक्यावर एक स्क्रू असतो, तो आवळला की इंजेक्टरकडे जाणाऱ्या पेट्रोलचा दाब वाढतो, सैल केला की उतरतो. पोरीने फोरमनकडून दाबाचा गेज मागून आणला होता. सुई बरोबर तीनवर आणली, नट आवळला आणि पर्समधून नखं रंगवायची बाटली काढून नट आणि स्क्रूवर मिळून लाल ठिपका दिला. गेज संध्याकाळी परत करून आली, दुसरा घ्यायची ऐपत नाही.

ठिपका बघून मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. ही माझी शिस्त. पंपरूममध्ये लावलेल्या प्रत्येक स्क्रूवर रंगाचं सील. सील शाबूत तर स्क्रूवर विश्वास, पुन्हा मोजायचं नाही. सील तुटलं तर हात कुणाचा लागला ते आधी शोधायचं, बाकी सगळं मग. ती नऊ वर्षांची असताना सांगितलेलं तिच्या लक्षात आहे.

८ मार्च
गोदामांमागच्या सरळ रस्त्यावर सकाळी पहिली पळवली. रंगारी चालवत होते, पोरगी शेजारी लॅपटॉप घेऊन, मी मागे स्टिकरांवर. एक्झॉस्टच्या उष्णतेचा गेज मी डेपोच्या अडगळीतून आणून लावलाय. दाबलं तशी सुई चढत गेली, आठशे, साडेआठशे, नऊशेला टेकली.  मी मागून ओरडलो, सोड, सोड, इंधन जास्त होतंय.

पोरीने गाडी थांबवायला लावली, हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणाऱ्या फोरमनच्या मिक्श्चर मीटरकडे बघितलं (तो मात्र त्याने महिनाभर वापरायला दिलाय) आणि मला समजावायला लागली. मला! म्हणाली, "बाबा, डिझेलमध्ये इंधन कमी केलं की इंजिन थंड होतं. पेट्रोल टर्बोचं उलटं असतं. जोर लावताना पेट्रोल कमी पडलं की ते तापतं. जास्तीचं पेट्रोलच त्याला गार ठेवतं."

रंगारी आरशातून माझ्याकडे बघत होते. त्यांच्यासमोर ती मला आगीचं शास्त्र शिकवतेय. एकतीस वर्षांत शेकडो बसगाड्या चढावर तापल्या, धूर ओकायला लागल्या, आणि प्रत्येकीचं इंधन आवळून मी त्या थंड केल्या. आग ती आग. तिला खायला कमी दिलं की ती निवते, हे चुलीपुढे बसलेल्या बाईलाही ठाऊक असतं. पण आता लॅपटॉप आला ना घरात.

१० मार्च
दोन दिवस शेडवर गेलो नाही. पोरीचे चार फोन आले, घेतले नाहीत. स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "कुणी जरा तापलं की तुम्ही बोलणं तोडता. थोरल्याशी तेच केलंत." मी म्हणालो, तापलेल्या माणसाशी बोललं की भडका उडतो. गप्प बसलं की आपोआप निवतो. ही म्हणाली, थोरला सहा वर्षं निवतोय.

बायकांना सगळ्यात थोरला आठवतो.

१२ मार्च
गेलो. दुपारी दोघं जेवायला बाहेर पडले, मी डबा आणला होता म्हणून मागे राहिलो. बॉनेट उघडंच होतं. तो स्क्रू समोर.

जे केलं ते इंजिनासाठी केलं. ती पोरगी आकड्यांच्या नादात ते इंजिन जाळणार आणि खुर्ची घालवणार, आणि बापाने बघत बसायचं? सील नखाने खरवडलं, नट ढिला केला, स्क्रू पाव वळसा सैल. फक्त पाव. मग नट आवळला. सील उघडं ठेवणं बरं दिसेना म्हणून उद्या येताना घरून हिची नखं रंगवायची बाटली आणेन. लालच आहे.

१३ मार्च
ठिपका दिला. हुबेहूब.

१६ मार्च
काल सकाळी पळवली तेव्हा मीटरवर काहीतरी बिघडलेलं दिसलं म्हणे. पेट्रोल कमी पडतंय, पोरगी पुटपुटत होती, आठवड्यापूर्वी एवढं कमी नव्हतं. बरोबर आहे, नव्हतंच. दिवसभर लॅपटॉपवर बसून आकडे वाढवत होती. आज पुन्हा पळवली आणि सुई कुठे थांबली? साडेआठशे! नऊशेवरून साडेआठशे. पाव वळशाने काम केलं. पोरगी खूश, रंगारी खूश, मला म्हणाले, बाबा, बघा, आकडे जमले. जमले हो जमले. मी खिडकीकडे तोंड करून हसलो.

हे कुणाला सांगण्यात अर्थ नाही. मास्तरचं काम दिसत नसतं, इंजिन चालतं तेवढंच दिसतं.

२३ मार्च
आणखी पाव वळसा. उन्हाळा चढतोय, एप्रिलात धावपट्टीवर डांबर उकळेल. सील पुन्हा दिलं.

हिने बाटली शोधताना घर डोक्यावर घेतलं. भाचीच्या लग्नाला जायचं होतं. मी म्हणालो, मला काय विचारतेस, मी काय नखं रंगवतो? ती बिनरंगाच्या नखांनी गेली, वाटभर बोलली नाही. बाटली माझ्या पेटीत पान्यांच्या खाली आहे. एप्रिल झाला की परत ठेवीन.

२ एप्रिल
आज शेडमध्ये तमाशा. पोरीने सांगितलं की इंजेक्टर आता जवळजवळ पूर्ण वेळ उघडे राहतायत, तरी पेट्रोल पुरत नाही. आणखी द्यायला जागाच नाही. हे गणित तिने फेब्रुवारीत केलं होतं आणि तेव्हा ते पाऊण वेळेत भागत होतं. मग कुठे जातंय पेट्रोल? फिल्टर बदलला, नळ फुंकून बघितले. माझे नळ! मी उभाच होतो. शेवटी दोष पंपावर आला. ती रंगाऱ्यांवर घसरली, भंगारातला पंप न तपासता आणलात म्हणून. ते म्हणाले, दोन महिने चाललाच ना. ती म्हणाली, चालणं आणि पुरणं वेगळं. हे तर मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो.

मग ती माझ्याकडे वळली. चेहरा ओढलेला, डोळे लाल. दुकान सांभाळून हे करतेय.

"बाबा, रेग्युलेटरला कुणाचा हात लागला नाही ना?"

"सील दिसत नाही का तुला?" मी म्हणालो.

तिने वाकून बघितलं. लाल ठिपका होता. मान हलवली आणि पुन्हा पंपाकडे गेली.

मी खोटं बोललो नाही. सील दिसत होतं.

७ एप्रिल
रंगाऱ्यांनी मोटरसायकल विकून नवा पंप आणला. आता बसने येतात, दोन बदलून. पंप बसवला, फरक शून्य. कसा पडेल. पंपाने कितीही ढकललं तरी पहारेकरी सोडेल तेवढंच पुढे जाणार.

हे लिहिताना थोडं कसंतरी झालं. मोटरसायकलचं कोणी सांगितलं होतं त्यांना? मला विचारलं असतं तर नको म्हणालो असतो. कारण काय सांगितलं असतं, ते मात्र सुचत नाही.

पोरीने शेवटी हात टेकले आणि टर्बोची हवाच कमी केली. गाडी थोडी मंद झाली, पण मीटर म्हणतो पेट्रोल पुरतंय, काठावर का होईना. सुई आठशेवीस. ती म्हणाली, जिंकायचं नाहीये, वीस मिनिटं टिकायचंय. पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलली. माझ्या दोन पाव वळशांची किंमत तिला कधीच कळणार नाही, पण इंजिन थंड आहे, तेवढं मला पुरे.

१६ एप्रिल
मिक्श्चर मीटर आज परत गेला, फोरमनला दुसऱ्या गाडीसाठी हवा होता. आता गाडीत फक्त माझा उष्णतेचा गेज. पोरगी म्हणाली, चालेल, सगळं बसवून सील केलंय, आता कुणी कशाला हात लावायचा नाही. गाडी थेट धावपट्टीवर सुरू करायची.

आज फार ऊन होतं. मी सारखा विचार करत होतो, गोदामामागे आपण दोन-दोन मिनिटं पळवली. तिथे वीस मिनिटं सलग, पूर्ण जोर, डांबर तापलेलं. आठशेवीसची नऊशेवीस व्हायला कितीसा वेळ. ती तिथे उभी असेल, फोरमन घड्याळ घेऊन उभा असेल. माझ्या पोरीला आयुष्यात मी काही दिलं नाही हे मला माहीत आहे. कॉलेज दिलं नाही. लग्नात तिला हवी होती ती अवजारांची पेटीही दिली नाही, भांडी दिली. निदान ही वीस मिनिटं तरी द्यावीत.

दोघं ट्रेलर बघायला गेले होते. अर्धा वळसा. ठिपका दिला.

१९ एप्रिल
नऊ मिनिटं.

रंगारी चालवत होते. गाडी छान आवाज करत होती, चौथ्या फेरीला फोरमनने मानही डोलावली. पाचव्या फेरीला लांबच्या सरळ पट्ट्यावर आवाजात खडे पडल्यासारखं काहीतरी आलं, मग मागून निळा धूर, मग सगळं गप्प. गाडी नुसती घरंगळत येऊन थांबली. रंगारी उतरून म्हणाले, सुई एकदम साडेनऊशेला गेली, दिसताक्षणी पाय काढला. मी म्हणालो, उशिरा काढला असेल.

बॉनेट उघडलं, जळक्या तेलाचा वास. फोरमन वाकला, मग पोरीच्या खांद्यावर हात ठेवला. मला राहवलं नाही. मी सगळ्यांसमोर म्हणालो, भंगारातला पंप आणला होता यांनी, पहिल्यापासून इंधनाची बोंब आहे, जावयांना विचारा. खरं म्हणजे पंप आता नवा होता. ते मला ठाऊक होतं, रंगाऱ्यांनाही ठाऊक होतं. ते माझ्याकडे बघत राहिले.

पोरगी फोरमनला म्हणाली, "पंपाचं काही नाही. आकडे माझे होते. चूक माझी."



२२ एप्रिल
इंजिन उघडलं. दिवा धरायला मला बोलावलं, रंगारी नव्हते.

तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनला काठाशी भोक. अॅल्युमिनियम मेणासारखं वितळून खाली ओघळलेलं. असे पिस्टन मी पाहिलेत, इंधन बेसुमार झालं की डिझेलचे असेच जातात. मी म्हणालो, बघ, शेवटी जास्त झालंच. सांगत होतो.

तिने ठिणगी पाडणारे चार प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवले. "पेट्रोल जास्त झालं असतं तर हे काळे असते, बाबा."

पांढरे होते. चारही. खडूसारखे पांढरे, कडा वितळलेल्या.

ती फोरमनकडून गेज घेऊन आली होती. इंजिन मेलं तरी पंप चालतो. पंप चालू केला, सुई उठली आणि दोनच्या थोडी खाली थांबली. तीनवर लावली होती, माझ्या डोळ्यांदेखत. मी दिवा धरून उभा होतो. मग तिने रेग्युलेटर काढून खिडकीपाशी नेला आणि ठिपक्यावर नख फिरवलं. वरचा लाल सुटला, त्याच्या खाली आणखी लाल, आणि अगदी तळाशी नटाच्या खाचेत तिचा, पहिला. उजेडात बघितलं तर तो जरा वेगळा, विटकरी होता. मला फेब्रुवारीपासून ते दिसलं नव्हतं.

तिने मला काही विचारलं नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. रेग्युलेटर फडक्यात गुंडाळला आणि म्हणाली, "धावपट्टीवर त्या सकाळी मी सील बघितलं होतं. म्हणून गेज मागितला नाही."

मला वाटतं मी म्हणालो की मी इंजिन थंड करत होतो. नक्की काय म्हणालो आठवत नाही. ती हात पुसत होती.

२३ एप्रिल
पेट्रोलचं उलटं असतं. दिवसभर एवढंच डोक्यात. म्हणजे सोळा मार्चला सुई माझ्यामुळे उतरली नव्हती. मी काढलेलं तिने लॅपटॉपवरून परत भरलं होतं. मी खड्डा करतोय आणि ती बुजवतेय, आणि खिडकीकडे तोंड करून हसतोय कोण, तर मी. महिनाभर असा खेळ चालला आणि शेवटचा अर्धा वळसा बुजवायला तिच्या हातात मीटर नव्हता.

लाज वाटते. डेपोतल्या कुठल्या नवशिक्याने हे केलं असतं तर मी त्याला पंपरूमच्या पायरीवर उभा केला नसता.

२७ एप्रिल
पोरगी आणि रंगारी जेवायला आले होते, हिने बोलावलं म्हणून. फोरमनने दुसऱ्याला घेतलं. डिग्रीवाला आहे. पोरगी हे भाजीला मीठ कमी आहे म्हणावं तसं सांगून मोकळी झाली. रंगारी खाली मान घालून म्हणाले, मी पंप आधीच तपासायला हवा होता. अजून! म्हणजे तिने त्यांनाही सांगितलेलं नाही.

पानं घेताना तिने पिशवीतून बाटली काढली. "आई, तुझी ही. शेडमध्ये सापडली."

ही म्हणाली, अगं, शेडमध्ये कशी गेली? पोरगी म्हणाली, काय माहीत. तिने माझ्याकडे बघितलं. पुरतं एक मिनिट असेल. सगळे थांबले होते, मी बोलायचीच ती वेळ होती, हे मलाही कळत होतं.

मी वाटी पुढे केली आणि आमटी मागितली.

३० एप्रिल
जे तोंडाने झालं नाही ते रकान्यांत भरलं.

१३ मार्चच्या वर मोकळी जागा होती, तिथपासून नीट ओळी आखल्या. तारीख: १२ मार्च. काम: रेग्युलेटर पाव वळसा सैल. कोणी केले: माझी सही. २३ मार्च, पाव वळसा, सही. १६ एप्रिल, अर्धा वळसा, सही. खाली लिहिलं की पंपात दोष नव्हता, आकड्यांत दोष नव्हता. वही कागदात गुंडाळून सकाळी तिच्या दुकानावर गेलो. ती एका ट्रकच्या चाकाशी होती. काउंटरवर ठेवून आलो, हाक मारली नाही. कामात होती. (वही तिच्याकडे, म्हणून हे सुट्या कागदावर लिहितोय.)

११ मे
आज रंगारी आले. बसने. माझा व्हाइस, पान्यांची पेटी आणि अग्निशामकाची ती डबी घेऊन आले होते, एवढं ओझं दोन बस बदलून. शेड सोडली म्हणाले. गाडी भंगारात दिली. वर ही वही होती.

ही चहाला थांबा म्हणाली, थांबले नाहीत. दारात मात्र वळले. "बाबा, मोटरसायकलीचं काही नाही. पण त्या दिवशी तुम्ही फोरमनसमोर माझं नाव घेतलंत, आणि मलाही खरंच वाटलं की माझ्यामुळेच झालं. तीन आठवडे मी तिची माफी मागत होतो. ती नुसती नको म्हणायची, कारण सांगायची नाही. तुमच्यासाठी."

मी बसा म्हणालो. ते निघून गेले.

वही उघडली. तीन ओळी, माझ्या तीन सह्या. त्यांच्यापुढे 'कोणी तपासले' ह्या रकान्यात तिन्ही ठिकाणी तिची सही आहे, बारीक, सरळ, मी शिकवली तशी तारखेसकट. बाकी काही लिहिलेलं नाही. पानं मागेपुढे चाळून बघितली, समासातही नाही.

ही मघापासून मागे लागलीय. आत्ताच्या आत्ता जा तिच्याकडे, दारात उभे राहा, काय वाटतं ते तोंडाने सांगा, ती शिव्या देईल त्या खा. हिचं म्हणणं, पोरगी त्या दिवशी जेवताना तुमच्या तोंडाकडे बघत वाट बघत होती, अजूनही बघत असेल.

मी समजावलं हिला. आत्ता ती आतून पेटलेली आहे. अशात जाऊन काही बोलायला गेलं की आणखी भडकेल. आत्ता कमीच बरं. फोन नको, जाणं नको. चार-सहा महिने शांत राहिलो की तिचं तिलाच निवेल, मग बघू. माणसं मला कळतात, एकतीस वर्षं डेपोत काढली आहेत.

ही आत गेली. बाटली अजून कपाटावरच आहे, तिने उघडलेली नाही.